पीएचपीच्या आउटपुटमधील ओळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांची संकेतस्थळे तयार करताना आणि संध्याकाळच्या वर्गात महाविद्यालयीन मुलामुलींना पीएचपी ही वेबपाने तयार करण्याची प्रोग्रामिंग भाषा शिकवताना एक तक्रार माझ्यापुढे सतत येते. कोणी म्हणते, "मी ओळ तोडली होती, पण ती तुटलीच नाही," तर कोणी म्हणते, "मी काहीच लिहिले नाही, तरी मध्ये कोरी ओळ आली." प्रत्येकाला वाटते की पीएचपी बिघडली आहे. खरी गोष्ट अशी की न्यूलाइन या, ओळ संपल्याचे सांगणाऱ्या एका अदृश्य चिन्हाकडे आधी पीएचपी, मग ब्राउझर आणि कधी कधी त्यापुढचे एखादे यंत्र आपापल्या नियमाने पाहते, आणि ओळ नेमकी कोणी गिळली हे शोधल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. पुढील उत्तरे त्या शोधासाठी आहेत. कोडमधील शब्द येथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते अर्थातच मूळ रोमन लिपीत लिहावेत.

एको या छापण्याच्या आज्ञेत पत्त्याच्या तीन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या, तरी ब्राउझरमध्ये सगळा पत्ता एकाच ओळीत का दिसतो?

कारण त्या ओळी पीएचपीने जोडलेल्या नसून ब्राउझरने जोडलेल्या आहेत. दुकानाचे नाव, पेठ आणि "सोलापूर" असे तीन ओळींत लिहिलेले पीएचपीने जसेच्या तसे पाठवले. पण एचटीएमएलच्या साध्या मजकुरात न्यूलाइन, टॅब आणि लागोपाठच्या मोकळ्या जागा या सर्वांची मिळून एकच मोकळी जागा धरली जाते. ब्राउझरला ओळ तोडायची आहे हे कळण्यासाठी 'बीआर' टॅग हवा, किंवा प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेदात हवी, किंवा सीएसएसमधून त्या भागाला न्यूलाइनचा मान राखण्यास सांगितलेले हवे.

हे तपासण्याचा मार्ग साधा आहे आणि मी वर्गात पहिल्याच दिवशी तोच शिकवते. पानावर कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबून पानाचा मूळ स्रोत उघडावा. तेथे ओळी तुटलेल्या दिसल्या तर पीएचपीचे काम बरोबर झाले आहे आणि दुरुस्ती एचटीएमएलमध्ये किंवा सीएसएसमध्ये करायची आहे. तेथेही त्या जुळलेल्याच दिसल्या तर दोष पीएचपीच्या फाइलमध्ये आहे. ही एक तपासणी न करता पुढचे कोणतेही उपाय करून पाहणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

माझ्या पानावर ओळ तुटण्याऐवजी बॅकस्लॅश आणि एन ही अक्षरेच छापली जातात. असे का?

स्ट्रिंग, म्हणजे कोडमधील मजकूर, एकेरी अवतरणात लिहिली आहे. पीएचपीमध्ये दुहेरी अवतरणातील बॅकस्लॅश-एन म्हणजे न्यूलाइन. एकेरी अवतरणात मात्र फक्त दुहेरी बॅकस्लॅश आणि बॅकस्लॅशसह एकेरी अवतरण या दोनच खुणांना विशेष अर्थ आहे, बाकी सर्व अक्षरशः छापले जाते.

पीएचपीचा ?> हा समाप्तीचा टॅग ओळीच्या शेवटी असला की पुढची ओळ त्याच ओळीला येऊन चिकटते. हा दोष आहे का?

नाही, हा जाणीवपूर्वक ठेवलेला नियम आहे, आणि माझ्या मते पीएचपीतील सर्वांत कमी समजून घेतलेला नियम हाच आहे. समाप्तीच्या टॅगला लागूनच न्यूलाइन आली तर पीएचपी ती एक न्यूलाइन टॅगचाच भाग समजते आणि आउटपुटमध्ये पाठवत नाही. ती न्यूलाइन विंडोज पद्धतीची, म्हणजे दोन चिन्हांची असली, तरी दोन्ही मिळून एकच मानली जातात.

या नियमामागचे कारण पीएचपीच्या जन्मात आहे. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली आणि एचटीएमएलच्या पानातच मध्ये मध्ये आज्ञा पेरायच्या, ही पद्धत तिच्यात रुजली. टॅगांच्या बाहेरचा सर्व मजकूर, त्यातील मोकळ्या जागा आणि न्यूलाइन धरून, जसाच्या तसा पाठवला जातो. आता कल्पना करा की पानात केवळ लूप सुरू करणारी एक ओळ आहे आणि तो बंद करणारी एक ओळ आहे. टॅगनंतरची न्यूलाइन गिळली गेली नसती तर अशा प्रत्येक ओळीमागे, आणि लूपच्या प्रत्येक फेरीला, आउटपुटमध्ये एकेक कोरी ओळ पडली असती.

एचटीएमएलमध्ये त्या गिळलेल्या न्यूलाइनचा तोटा जाणवत नाही. साधा मजकूर तयार करताना मात्र तो लगेच दिसतो. समजा, भावपत्रकाच्या मजकूर-फाइलसाठी लूपमध्ये एका ओळीवर <?= ने वस्तूचे नाव छापले, ?> ने टॅग बंद केला आणि खालच्या ओळीवर लूप संपवला. अपेक्षा अशी की चादर, टॉवेल, नॅपकिन ही नावे एकाखाली एक येतील. प्रत्यक्षात "चादरटॉवेलनॅपकिन" असा सलग शब्द मिळतो, कारण नावानंतरची न्यूलाइन टॅगबरोबर गेली. यावर तीन उपाय सांगितले जातात. टॅगनंतर एक कोरी ओळ जास्त सोडावी, म्हणजे पहिली न्यूलाइन गिळली जाते आणि दुसरी उरते. किंवा टॅगनंतर एक मोकळी जागा द्यावी, म्हणजे न्यूलाइन टॅगला लागून राहत नाही आणि वाचते; पण मग प्रत्येक ओळीच्या शेवटी ती मोकळी जागाही आउटपुटमध्ये जाते, आणि पुष्कळ संपादक फाइल जतन करताना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा आपोआप काढून टाकतात, तेव्हा दुरुस्ती कोणाच्याही नकळत नाहीशी होते. तिसरा उपाय म्हणजे नावाच्या पुढे दुहेरी अवतरणातील बॅकस्लॅश-एन स्वतः जोडून छापावे. मी नेहमी हाच सुचवते, कारण पुढे ती फाइल हाताळणाऱ्याला हेतू डोळ्यांनी दिसतो.

मग फाइलच्या अगदी शेवटी ?> लिहावा की नाही?

ज्या फाइलमध्ये फक्त पीएचपी आहे तिच्या शेवटी तो लिहू नये. भाषेला त्याची गरज नाही आणि पीएचपी समुदायात रूढ असलेले पीएसआर-१२ हे लेखनशैलीचे मानकही तो वगळण्यास सांगते.

यामागचे कारण वर सांगितलेल्या नियमाचीच दुसरी बाजू आहे. समाप्तीच्या टॅगनंतरची एकच न्यूलाइन गिळली जाते. दुसरी न्यूलाइन किंवा एखादी भरकटलेली मोकळी जागा असेल तर ती आउटपुट होते. डेटाबेसची जोडणी ठेवलेल्या फाइलच्या शेवटी अशी एक जास्तीची कोरी ओळ राहिली, आणि ती फाइल प्रत्येक पानाच्या सुरुवातीला जोडली जात असली, तर प्रत्येक पानाचे पहिले अक्षर म्हणून ती न्यूलाइन बाहेर पडते. त्यानंतर हेडर (पानाच्या मजकुराआधी जाणारी माहिती) पाठवणे, कुकी ठेवणे किंवा सेशन सुरू करणे शक्य राहत नाही, आणि "हेडर्स ऑलरेडी सेंट" हा इशारा येतो.

असा प्रसंग माझ्यावर एकदा आला तेव्हा माझ्या संगणकावर इशाराही आला नव्हता. एका टॉवेल उत्पादकासाठी केलेल्या पानावर बारकोडचे पीएनजी चित्र पीएचपीतून तयार होत होते. माझ्या संगणकावर ते मोडलेले दिसे आणि सर्व्हरवर उलट इशारा दिसे. दोन दिवस मी चित्र तयार करणाऱ्या कोडमध्येच चूक शोधत बसले. खरे कारण असे होते की माझ्या संगणकावर आउटपुट बफरिंग, म्हणजे आउटपुट लगेच न पाठवता आधी साठवून ठेवणे, ४०९६ बाइट्सवर चालू होते, त्यामुळे हेडर बिनतक्रार जात होते, पण भरकटलेली न्यूलाइन चित्राच्या आधी तशीच राहत होती. पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट्स ठरलेले असतात. त्यांच्या आधी काहीही आले की ते चित्र चित्र राहत नाही. सर्व्हरवर बफरिंग नव्हते, म्हणून तेथे इशारा आला. जोडणीच्या फाइलमधील शेवटचा टॅग आणि त्याखालच्या कोऱ्या ओळी पुसल्यावर दोन्ही तक्रारी एकदम मिटल्या.

मराठी मजकूर असलेल्या फाइलमध्ये याच लक्षणांचे आणखी एक कारण असते. फाइल "बीओएमसह यूटीएफ-८" अशी जतन केली असेल तर तिच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट्स बसतात आणि तेही आउटपुट म्हणून बाहेर पडतात. संपादकात "बीओएमविना यूटीएफ-८" हाच पर्याय निवडावा.

ग्राहकाने लिहिलेला अभिप्राय ओळींसह दाखवण्यासाठी एनएलटूबीआर पुरेसे आहे का?

ओळींसाठी ते पुरेसे आहे, सुरक्षिततेसाठी नाही. हे फंक्शन प्रत्येक न्यूलाइनच्या आधी 'बीआर' टॅग घालते आणि मूळ न्यूलाइनही तशीच ठेवते. पण ग्राहकाच्या मजकुरात कोणी स्क्रिप्ट टॅग लिहिला असेल तर त्याला ते अडवत नाही. म्हणून आधी टॅगांची चिन्हे निष्प्रभ करणारे एचटीएमएल-स्पेशल-चार्स आणि नंतर एनएलटूबीआर हा क्रम कधीही बदलू नये. क्रम उलटा केला तर नुकतेच घातलेले 'बीआर' टॅगही निष्प्रभ होऊन अक्षरशः पानावर छापले जातात. तसेच ज्या भागात 'प्री' टॅग आहे तेथे हे फंक्शन वापरले तर टॅग आणि न्यूलाइन दोन्ही आपापली ओळ तोडतात व ओळींत दुप्पट अंतर पडते.

डेटाबेसमध्ये मजकूर साठवतानाच त्यात 'बीआर' घालून ठेवणे ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. उद्या तोच अभिप्राय ईमेलमध्ये, पावतीवर किंवा मोबाइल ॲपमध्ये दाखवायचा झाला की ते टॅग उपटून काढत बसावे लागते. मूळ मजकूर मूळ न्यूलाइनसह साठवावा आणि दाखवताना त्या त्या ठिकाणानुसार बदलावा. वेबपानासाठी तर अनेकदा फंक्शनचीही गरज नसते. सीएसएसमधील व्हाइट-स्पेस या गुणधर्माला प्री-लाइन ही किंमत दिली की ब्राउझर न्यूलाइनवर ओळ तोडतो आणि जास्तीच्या मोकळ्या जागा तरीही एकत्र करतो.

पत्त्यासाठी १०० अक्षरांची मर्यादा ठेवली. ग्राहकाला १०० अक्षरे लिहू दिली जातात, पण सर्व्हर ती नाकारतो. का?

येथे दोन कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पहिले न्यूलाइनचे. टेक्स्टएरियामध्ये, म्हणजे फॉर्ममधील अनेक ओळींच्या रकान्यात, ग्राहकाने एंटर मारला की मानकानुसार ब्राउझर अक्षरे मोजताना ते एकच चिन्ह धरतो. पण फॉर्म पाठवताना प्रत्येक न्यूलाइन कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशा दोन चिन्हांच्या जोडीत बदलली जाते, मग ग्राहक विंडोजवर असो की मोबाइलवर. चार ओळींच्या पत्त्यात तीन अक्षरे अशीच वाढतात. सर्व्हरवर मजकूर आल्याबरोबर एसटीआर-रिप्लेसने आधी जोडीच्या जागी एकच लाइन फीड घालावे, नंतर उरलेल्या एकट्या कॅरेज रिटर्नच्या जागी लाइन फीड घालावे, आणि मगच मोजावे.

दुसरे कारण मराठीचे. एसटीआर-लेन हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट्स मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते. "सोलापूर" या शब्दाची लांबी एसटीआर-लेन २१ सांगते, एमबी-एसटीआर-लेन ७ सांगते आणि वाचकाला दिसणारी अक्षरे मोजणारे ग्राफीम-एसटीआर-लेन ४ सांगते. ब्राउझरच्या मर्यादेशी यांपैकी ७ हा आकडा जुळतो.

मजकूर ओळीओळीने वेगळा करताना "अक्कलकोट" हा शब्द तुटतो आणि विचित्र चौकोन दिसतात. हे काय आहे?

हा प्रश्न वर्गात पहिल्यांदा आला तेव्हा मला स्वतःला उत्तर शोधायला बराच वेळ लागला, म्हणून ते सविस्तर देते. नियमित पदावलीत (मजकुरातील नमुना शोधण्याच्या खूणभाषेत) बॅकस्लॅश आणि मोठा आर ही खूण "कोणत्याही प्रकारची न्यूलाइन" या अर्थाने वापरतात, आणि प्रेग-स्प्लिटमध्ये ती फार सोयीची आहे. पण पदावलीच्या शेवटी यू हा बदलदर्शक लावला नसेल तर मजकूर एकेका बाइटप्रमाणे वाचला जातो, आणि त्या पद्धतीत ज्या बाइट्सना न्यूलाइन मानले जाते त्यांत सोळाच्या पायातील ८५ हा बाइटही आहे. देवनागरी "अ" चा यूटीएफ-८ मधील शेवटचा बाइट नेमका हाच आहे. परिणामी प्रत्येक "अ" पाशी मजकूर तुटतो आणि उरलेले दोन बाइट्स निरर्थक चिन्हे म्हणून दिसतात. "टॅक्स" किंवा "बॅग" या शब्दांतील अर्धचंद्राचा शेवटचा बाइटही तोच असल्याने तेही शब्द फुटतात, मात्र "सोलापूर", "पंढरपूर", "बार्शी" सुरक्षित राहतात, आणि म्हणूनच चाचणीत हा दोष सुटून जातो. उपाय एका अक्षराचा आहे : पदावलीला यू लावावा. चाचणीच्या मजकुरात मी आता अक्कलकोट मुद्दाम ठेवते.

पीएचपी-ईओएल वापरावे की बॅकस्लॅश-एन?

पीएचपी-ईओएल हा स्थिरांक ज्या संगणकावर पीएचपी चालते आहे त्याच्या पद्धतीची न्यूलाइन देतो : विंडोजवर कॅरेज रिटर्न आणि लाइन फीडची जोडी, लिनक्सवर आणि आजच्या मॅकवर एकटे लाइन फीड. पाहुण्याच्या संगणकाशी त्याचा काहीही संबंध नाही. म्हणून कमांड लाइनवर छापण्यासाठी आणि त्याच संगणकावरच्या लॉग-फाइलसाठी तो योग्य आहे. नेटवर्कवरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मजकुरात मात्र स्वीकारणाऱ्याचा नियम पाळायला हवा, अन्यथा घरच्या विंडोज लॅपटॉपवर तयार झालेली फाइल आणि लिनक्स सर्व्हरवर तयार झालेली फाइल यांत फरक पडतो.

ही दोन चिन्हे वेगळी का, हे मी मुलांना टंकलेखन यंत्रावरून सांगते. ज्यांच्या घरात कोणी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आहे त्यांना ते लगेच कळते. ओळ संपली की डावीकडची दांडी ओढायची. तिने गाडी ओळीच्या आरंभाशी परत येते आणि रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकतो. पहिली क्रिया कॅरेज रिटर्न, आस्कीतील १३. दुसरी लाइन फीड, आस्कीतील १०. टेलिप्रिंटरमध्ये या दोन क्रियांना दोन स्वतंत्र खुणा होत्या आणि त्याच पुढे संगणकात आल्या.

हीअरडॉकमध्ये शेवटची ओळ तुटत नाही. का?

हीअरडॉक म्हणजे दोन खुणांच्या मध्ये लिहिलेली अनेक ओळींची स्ट्रिंग. तिच्या समाप्तीच्या खुणेच्या लगेच आधीची न्यूलाइन स्ट्रिंगमध्ये धरली जात नाही. ती हवी असेल तर खुणेच्या आधी एक कोरी ओळ सोडावी. पीएचपी ७.३ पासून समाप्तीची खूण आत सरकवून लिहिता येते आणि जेवढी ती सरकवली तेवढी मोकळी जागा प्रत्येक ओळीच्या आरंभातून वजा होते.

मेल फंक्शनने पाठवलेल्या मराठी पत्रातील अक्षरे मध्येच मोडतात. ओळींचा संबंध आहे का?

बहुधा आहे. ईमेलच्या ओळी कॅरेज रिटर्न व लाइन फीडच्या जोडीने तोडाव्यात आणि ७० अक्षरांहून लांब ठेवू नयेत असे पीएचपीची नियमपुस्तिका सांगते, आणि त्यासाठी वर्डरॅप हे फंक्शन सुचवते. पण वर्डरॅप बाइट्स मोजते. मराठीत त्याची ७० ची ओळ सुमारे २३ चिन्हांतच भरते, आणि लांब शब्द सक्तीने तोडण्याचा पर्याय चालू केला असेल तर ते तीन बाइट्सच्या चिन्हाच्या पोटातच ओळ तोडते. मराठी पत्रासाठी मजकूर बेस-६४ मध्ये रूपांतरित करून चंक-स्प्लिटने त्याचे ७६ अक्षरांचे तुकडे पाडणे आणि तसे हेडरमध्ये नमूद करणे हा खात्रीचा मार्ग आहे.

न्यूलाइनचा एक गंभीर धोका येथेच सांगायला हवा. ईमेलमध्ये प्रत्येक हेडर न्यूलाइनने संपते. संपर्काच्या फॉर्ममधील ईमेल पत्ता तपासल्याविना अतिरिक्त हेडरांच्या स्ट्रिंगमध्ये जोडला, तर कोणीही त्या रकान्यातून न्यूलाइन पाठवून पुढे स्वतःचे बीसीसी हेडर घालू शकतो आणि दुकानाच्या नावाने शेकडो लोकांना जाहिराती जातात. ब्राउझरमधील एका ओळीचा रकाना एंटर स्वीकारत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. विनंती ब्राउझरशिवायही पाठवता येते. पत्ता फिल्टर-व्हारने तपासावा आणि न्यूलाइन आढळली तर तो फॉर्म सरळ नाकारावा.

पीएचपीतील मजकूर जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये घातला की सगळी स्क्रिप्ट बंद पडते. काय करावे?

जावास्क्रिप्टच्या साध्या अवतरणातील स्ट्रिंगमध्ये खरी न्यूलाइन चालत नाही. हाताने अवतरणे न लावता मजकूर जेसन-एन्कोडमधून द्यावा. ते अवतरणेही लावते आणि न्यूलाइनचे योग्य खुणेत रूपांतरही करते.

सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या) फाइलमध्ये एक ऑर्डर दोन-तीन ओळींवर पसरते. पत्त्यातील न्यूलाइन काढून टाकाव्यात का?

काढण्याची गरज नाही. एफपुट-सीएसव्ही न्यूलाइन असलेला रकाना दुहेरी अवतरणात गुंडाळते आणि सीएसव्हीमध्ये ते पूर्णपणे वैध आहे. चूक वाचताना होते : फाइल ओळीओळीने वाचून स्वल्पविरामावर तोडली की पत्ता मध्येच फुटतो. वाचण्यासाठी एफगेट-सीएसव्हीच वापरावे. एफपुट-सीएसव्ही लिहिताना प्रत्येक नोंदीच्या शेवटी एकटे लाइन फीड घालते. वाहतूक कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडीच हवी असेल, तर पीएचपी ८.१ पासून ओळीच्या शेवटचे चिन्ह त्याला सांगता येते.

फाइलमधून वाचलेले "सोलापूर" आणि कोडमधील "सोलापूर" समान का ठरत नाहीत?

एफगेट्स आणि फाइल ही दोन्ही फंक्शन्स ओळीच्या शेवटची न्यूलाइन सोबत आणतात. आर-ट्रिम करून मग तुलना करावी. फाइल विंडोजवर तयार झालेली असेल तर केवळ लाइन फीड काढल्याने मागे कॅरेज रिटर्न उरते आणि डोळ्यांना ते कधीच दिसत नाही.

अभिप्राय संपादित करून जतन केला की दर वेळी त्याच्या आरंभाची एक कोरी ओळ नाहीशी होते. ती कोण खाते?

या वेळी ब्राउझर. टेक्स्टएरिया आणि प्री या टॅगांच्या आरंभाला लागून आलेली एक न्यूलाइन एचटीएमएलचा नियमच वगळायला सांगतो. ग्राहकाने मुद्दाम वरची ओळ कोरी सोडली असेल, तर प्रत्येक संपादनात तिचा बळी जातो. म्हणून टेक्स्टएरियाच्या आरंभीच्या टॅगनंतर आपण स्वतः एक न्यूलाइन छापावी आणि मग मजकूर छापावा. ब्राउझर आपली न्यूलाइन घेतो आणि ग्राहकाची तशीच राहते. ही न्यूलाइन दुहेरी अवतरणात एकोने छापावी. पीएचपीच्या ?> नंतर नुसता एंटर मारून ती आणायला गेल्यास पीएचपीच ती आधी गिळून टाकेल.